पॉलिकार्पचा मृत्यू नेमका कधी: १५५, १५६ की १६७?

वाचनवर्ग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. २३ फेब्रुवारीच्या स्मरणदिनासाठी स्मुर्ण्याचा (आजच्या तुर्कस्तानातले इझमीर) बिशप संत पॉलिकार्प याच्यावर दोन पानी टिपण करायचे आहे. मृत्यूचे साल तीन ठिकाणी तीन वेगळे मिळाले: १५५, १५६ आणि १६७. दिवसाबद्दल मात्र कुठेच वाद दिसत नाही. दिवस इतका पक्का आणि साल इतके डळमळीत, हे कसे काय?

आणखी दोन शंका आहेत. "शहाऐंशी वर्षे मी त्याची सेवा केली" या वाक्यावरून जन्मसाल काढता येते का? आणि तो प्रेषित योहानाचा शिष्य होता, हे टिपणात बिनधास्त लिहावे का? नुसते उत्तर नको, ते कसे काढले तेही सांगा. वर्गात प्रश्न आले तर मांडता यायला हवे.

---

कालगणक

दिवस पक्का आहे, कारण तो लिहून ठेवला आहे. साल डळमळीत आहे, कारण ते लिहिलेलेच नाही.

पॉलिकार्पच्या मृत्यूनंतर स्मुर्ण्याच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, फ्रिगियातल्या फिलोमेलियम या गावच्या मंडळीला पत्र पाठवले. 'पॉलिकार्पचे हौतात्म्य' म्हणतात ते हेच पत्र. त्याच्या २१व्या प्रकरणात तारखेचा मजकूर येतो: झान्थिकस महिन्याचा दुसरा दिवस, मार्चच्या कॅलेंड्सपूर्वीचा (कॅलेंड्स म्हणजे महिन्याची पहिली तारीख) सातवा दिवस, मोठा शब्बाथ (शब्बाथ म्हणजे यहूदींचा विसाव्याचा वार), आठवा तास. अटक केली हेरोदाने, मुख्य याजक होता त्राल्लेसचा फिलिप, प्रांताधिपती होता स्तातियुस क्वाद्रातुस. आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जिथे सम्राटाचे नाव व राज्यवर्ष यायचे, तिथे शब्द आहेत: "आणि येशू ख्रिस्त सदासर्वकाळ राज्य करीत असताना." सगळ्या वादाचे मूळ ही एक ओळ आहे. तिथे अँटोनायनस पायस (१३८ ते १६१) किंवा मार्कस ऑरेलियस (१६१ ते १८०) असे नाव असते, तर तुमचा प्रश्नच उरला नसता. पण सम्राटाची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून जो माणूस जाळला गेला, त्याच्या मृत्यूची नोंद त्याच सम्राटाच्या नावाने करायची नाही, हे मंडळीने ठरवून केले आहे. टिपणात काहीही गाळा, ही ओळ गाळू नका.

आता मोजणी.

आधी दिवस. रोमन मोजणीत दोन्ही टोके धरतात. १ मार्च हा पहिला, २८ फेब्रुवारी दुसरा, २७ तिसरा, असे मागे जात सातवा येतो २३ फेब्रुवारी. बरेच जण १ मार्चातून सरळ सात वजा करतात आणि २२ वर येऊन थांबतात. लीप वर्षातही उत्तर २३ च राहते, कारण रोमन लोक जादा दिवस महिन्याच्या शेवटी जोडत नसत, कॅलेंड्सपूर्वीचा सहावा दिवसच दोनदा मोजत. सातवा जागचा हलत नाही. आशिया प्रांताच्या पंचांगात वर्ष २३ सप्टेंबरला, म्हणजे ऑगस्टसच्या वाढदिवसाला सुरू होई. झान्थिकस हा त्यातला सहावा महिना, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास लागणारा. त्याचा दुसरा दिवस आणि २३ फेब्रुवारी एकमेकांशी जुळतात.

मग वार. 'शब्बाथ' म्हणजे शनिवार धरला तर १५५ ते १६७ या पट्ट्यात २३ फेब्रुवारी शनिवारी दोनदाच येतो: १५५ मध्ये आणि १६६ मध्ये. १५६ मध्ये तो रविवार आहे. म्हणून १५६ चे समर्थक शनिवार सांभाळायला २२ फेब्रुवारी घेतात, म्हणजे लिहिलेली तारीख मोडतात. १६७ मध्येही रविवारच.

वार तपासताना एका जागी हमखास घसरायला होते. संगणकावरच्या बहुतेक दिनदर्शिका आजचे ग्रेगोरियन पंचांगच मागे ताणतात. तिथे २३ फेब्रुवारी १५५ घातले की रविवार दिसतो आणि वाटते, सगळी मोजणी चुकली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ताणलेले ग्रेगोरियन आणि तेव्हा खरोखर चालू असलेले ज्युलियन पंचांग यांत एका दिवसाचा फरक पडतो. साधन ज्युलियनवर ठेवा, शनिवार येईल.

आता साल, आणि ते माणसांवरून काढावे लागते. लुसियुस स्तातियुस क्वाद्रातुस १४२ साली रोममध्ये कॉन्सल (तिथला सर्वोच्च पदाधिकारी) होता. त्या काळात कॉन्सलपद भूषवल्यावर साधारण तेरा ते पंधरा वर्षांनी आशियाचे प्रांताधिपतीपद मिळे, आणि ते एका वर्षाचे असे, उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. १४२ मध्ये ती वर्षे मिळवली की १५५ ते १५७ च्या आसपास पोचतो. १८६७ मध्ये वॅडिंग्टन या फ्रेंच अभ्यासकाने एलियुस अरिस्टायडिस या वक्त्याच्या आत्मकथनातल्या प्रांताधिपतींचा क्रम लावला आणि क्वाद्रातुसला १५४-१५५ मध्ये बसवले. त्यावरून २३ फेब्रुवारी १५५. त्राल्लेसच्या फिलिपचे नाव ऑलिम्पियाच्या एका शिलालेखातही आहे, २३२व्या ऑलिम्पियाडचा, म्हणजे इसवी सन १४९ चा. तोही याच काळाकडे बोट दाखवतो.

१६७ येते युसेबियस या चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती इतिहासकाराच्या कालपटावरून. तिथे मार्कस ऑरेलियसच्या सातव्या वर्षाखाली पॉलिकार्पची नोंद आहे. पण त्याच नोंदीत स्मुर्ण्याचाच हुतात्मा पायोनियस आहे आणि गॉलमधले हुतात्मेही आहेत. गॉलमधले, म्हणजे लिओंचे हुतात्मे युसेबियस स्वतःच्याच इतिहासग्रंथात १७७ मध्ये घालतो. पायोनियस मेला सम्राट डेसियसच्या छळात, २५० मध्ये. म्हणजे ती एका सालाची नोंद नव्हेच, छळाच्या बातम्यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा आहे. तिच्यावर १६७ उभे करणे मला पटत नाही.

माझा कौल १५५ ला.

---

पोथीवाचक

मोजणी चोख आहे. पण तुम्ही ज्या पायावर ती उभी केली तो पाय आधी हलवून पाहायला हवा.

युसेबियसने हे पत्र आपल्या इतिहासाच्या चौथ्या पुस्तकात उतरवले आहे, काही भाग शब्दशः, काही सारांशाने. त्याचा उतारा १९व्या प्रकरणाच्या सुरुवातीला थांबतो. तारीख असलेले २१वे प्रकरण त्याच्याकडे येतच नाही. आता, ते त्याच्या प्रतीत नव्हते, की होते आणि त्याने घेतले नाही? क्वाद्रातुसचे नाव त्याने वाचले असते तरी त्याला त्यावरून साल काढता आले असते असे नाही. त्यामुळे नुसत्या मौनावरून २१वे प्रकरण खोटे ठरवता येत नाही. पण ते मूळ पत्राचा भाग नसून मागाहून जोडलेली टीप असू शकते, एवढे मानावे लागते. २०व्या प्रकरणात पत्राचा समारोप झालेला आहे, लेखनिक एवारेस्तुस याचा नमस्कारही देऊन झाला आहे. त्यानंतर ही तारीख येते.

'मोठा शब्बाथ' हे प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचे. पायोनियसच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात म्हटले आहे की त्याला सहाव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्या शब्बाथाला, पॉलिकार्पच्या स्मरणदिनी पकडले. आणि गंमत नव्हे, पुरावा म्हणून सांगतो: २५० साली २३ फेब्रुवारी खरोखर शनिवारीच येतो. १५५ पासून ९५ वर्षे, मधली लीप वर्षे २४, बेरीज ११९, सातने पूर्ण भाग जातो. दोन्हीकडे तोच दिवस, तोच वार, तोच शब्द. तेव्हा हा शब्द एका वृत्तांतातून दुसऱ्यात गेला, अशी शंका घ्यायला जागा राहते. तो पायोनियसकडून इकडे आला असेल, तर शनिवारावर बेतलेला १५५ चा आधार ढिला पडतो. फक्त एक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते: 'मोठा शब्बाथ' आठव्या प्रकरणातही आहे, आणि ते पत्राच्या गाभ्यातले प्रकरण आहे.

टिपणासाठी मी पत्राचे तीन थर वेगळे ठेवेन.

पहिला, डोळ्यांनी पाहिल्यासारखा बारीक तपशील. हा कुणी उगाच रचणार नाही. शिपाई शुक्रवारी जेवणाच्या वेळी शेतावरच्या घरी येतात. पळून जायला अजून वाट असते, तरी तो "देवाची इच्छा होवो" म्हणतो, माडीवरून खाली येतो, त्यांच्यापुढे खाणेपिणे ठेवायला सांगतो आणि प्रार्थनेला एक तास मागतो. प्रार्थना चालते दोन तास. वाटेत शांतताधिकारी हेरोद आणि त्याचा बाप निकेतेस त्याला आपल्या गाडीत घेतात, "कैसर प्रभू आहे एवढे म्हणायला काय जाते?" असे समजावतात. तो ऐकत नाही म्हणून त्याला घाईने गाडीतून उतरवतात आणि उतरताना त्याची नडगी खरचटते. तो वळूनही बघत नाही, तसाच झपाझप चालू लागतो. चितेपाशी तो कपडे उतरवतो, कंबरपट्टा सोडतो आणि पायातले जोडे काढायला वाकतो. जोडे काढायची त्याला सवय नसते, कारण त्याच्या अंगाला हात लावायला मिळावा म्हणून विश्वासणारे आपणच ते काम करायला धावत.

दुसरा थर शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या अटकेच्या कथेच्या, साच्याचा. घरातल्याच माणसाकडून विश्वासघात, अधिकाऱ्याचे नाव हेरोद, शुक्रवार, गाढवावरून नगरात प्रवेश. हेरोद हे नाव लेखकाने बनवले असे नाही, पण जुळणी तो मुद्दाम दाखवतो. प्रभूचा सहभागी झाला, असे तो उघड लिहितो. इथला हेरोद राजा नव्हे, हे टिपणात एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर वर्गात हमखास गोंधळ होतो. तसाच गोंधळ मार्कियोन या नावाचा. पत्राच्या शेवटी ज्याच्या द्वारे वृत्तांत पाठवला म्हटले आहे तो मार्कियोन वेगळा (काही प्रतींत मार्कियानुस), आणि ज्याला पॉलिकार्पने "सैतानाचा थोरला मुलगा" म्हटले तो पाखंडी मार्कियोन वेगळा.

तिसरा थर चमत्काराचा. ज्वाळा वाऱ्याने भरलेल्या शिडासारखी कमान करते आणि शरीराला शिवत नाही. मधला देह भाजत असलेल्या भाकरीसारखा किंवा भट्टीतल्या सोन्याचांदीसारखा दिसतो. धुपासारखा सुवास येतो. मग मारेकरी खंजीर खुपसतो, तेव्हा कबुतर आणि आग विझेल इतके रक्त बाहेर येते. यातले कबुतर युसेबियसच्या उताऱ्यात नाही. ग्रीकमध्ये 'कबुतर आणि' हे शब्द 'मुठीभोवती' या शब्दांच्या इतके जवळ जातात की मूळ वाक्य खंजिराच्या मुठीभोवती वाहिलेल्या रक्ताचे होते आणि नकलकाराच्या हातून कबुतर आत शिरले, असे काही संपादक मानतात. बाकीचे मानतात की नंतर कुणीतरी मुद्दाम घातले. कसेही असो, टिपणात कबुतर घेतलेत तर युसेबियसकडे ते नाही हेही लिहा.

एक विनंती. वृत्तांतात यहूदी लोक लाकडे गोळा करायला सर्वांत उत्सुक होते असे वाक्य आहे. ते तसेच्या तसे मोठ्याने वाचू नका. तो दिवस खरोखर शब्बाथ असेल तर शब्बाथ पाळणारे लोक लाकडे वाहतील हे संभवतच नाही. हाही शुभवर्तमानाच्या साच्याचाच भाग आहे, आणि अशा वाक्यांनी पुढच्या शतकांत काय घडवले ते आपल्याला माहीत आहे.

---

वाचनवर्ग

दोघांचेही मनापासून आभार. नडगीचा तपशील मी कधी लक्षात घेतला नव्हता.

प्रांताधिपतीच्या वागण्याबद्दल विचारायचे राहिले. तो पुन्हा पुन्हा संधी का देतो? आणि सिंह सोडायची मागणी होऊनही जाळले का?

---

कालगणक

संधी देणे हा कायद्याचाच भाग. सुमारे ११२ साली सम्राट ट्राजनने प्लिनी या आपल्या प्रांताधिकाऱ्याला उत्तर दिले होते: ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नये, आरोप होऊन सिद्ध झाला तर शिक्षा करावी, पण जो नाकारेल आणि देवांना पूजून ते दाखवेल त्याला सोडावे. म्हणजे आरोपी एका वाक्यात सुटू शकतो. म्हणून प्रांताधिपती आधी वयाचा दाखला देतो, मग "कैसराच्या भाग्यदेवतेची शपथ घे", "नास्तिक नष्ट होवोत म्हण", "ख्रिस्ताला शिव्या दे" असे एकेक टप्पा पुढे जातो. 'नास्तिक' म्हणजे इथे ख्रिस्ती लोक, कारण ते नगरदेवतांना मानत नाहीत. पॉलिकार्प मैदानातल्या गर्दीकडे गंभीरपणे पाहतो, तिच्याकडे हात हलवतो, सुस्कारा टाकून वर बघतो आणि म्हणतो, "नास्तिक नष्ट होवोत." शब्द तेच, रोख उलटा. हाताची ती हालचाल सांगितली नाही तर वाक्याचा अर्थच वर्गाला लागणार नाही.

सिंहाचे कारण पत्रातच आहे. गर्दीने आशियार्क (आशिया प्रांतातला मानाचा अधिकारी) फिलिपकडे मागणी केली. तो म्हणाला, श्वापदांचे खेळ संपले आहेत, आता मला तसे करता येत नाही. मग गर्दीने जाळण्याची मागणी केली आणि कारखान्यांतून, स्नानगृहांतून लाकूड आणले. स्नानगृहांचा उल्लेख मला फार बोलका वाटतो: पाणी तापवायला तिथे लाकूड रचलेलेच असे. खिळे ठोकू नका, मी हलणार नाही, असे त्याने सांगितल्यावर त्याला नुसते बांधले.

स्मुर्णा हे शहर मुळात का इतके चिडले, हेही थोडक्यात द्या. इसवी सन २६ मध्ये तिबेरियसचे मंदिर बांधण्याचा मान मिळवायला आशियातली अकरा शहरे रोममध्ये भांडली आणि मान स्मुर्ण्याला मिळाला. सम्राटपूजा तिथे शहराच्या अभिमानाची गोष्ट होती.

---

एजियन काठ

१५५ वर शिक्का मारण्याआधी रोमची बाजू बघा.

लिओंचा बिशप इरेनियस सांगतो की पॉलिकार्प रोमला गेला तेव्हा तिथे अनिकेतस बिशप होता. अनिकेतसची सुरुवात साधारण १५५ च्या सुमारास धरतात, काही एखाद-दोन वर्षे आधी. मृत्यू फेब्रुवारी १५५ चा असेल तर प्रवास १५४ च्या मोसमात बसवावा लागतो, कारण हिवाळ्यात भूमध्य समुद्रावर जहाजे जवळजवळ थांबत. म्हणजे ऐंशी उलटलेला माणूस १५४ च्या उन्हाळ्यात रोमला जातो, परततो आणि पुढच्या फेब्रुवारीत मारला जातो. अशक्य नाही, पण अंगाला फार घट्ट बसते. अनिकेतस १५४ मध्ये गादीवर होता, हेही त्यासाठी गृहीत धरावे लागते. शिवाय कॉन्सलपदानंतरची तेरा ते पंधरा वर्षे ही सरासरी आहे, नियम नव्हे. अरिस्टायडिसचा क्वाद्रातुस आणि हा क्वाद्रातुस एकच, हेही सगळ्यांना मान्य नाही.

म्हणून टिपणात "सुमारे १५५ ते १६०, बहुमताने १५५ किंवा १५६" असे लिहा. १६७ चा उल्लेख "युसेबियसच्या कालपटाप्रमाणे" असा करा, म्हणजे कुणी ते साल घेऊन आले तर कुठून आले ते कळेल.

रोमच्या त्या भेटीला मात्र टिपणात भरपूर जागा द्या. पॉलिकार्पचा वारसा मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आशियातल्या मंडळ्या वल्हांडणाचा सण यहूदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला पाळत, मग वार कोणताही येवो. रोममध्ये पुनरुत्थानाचा दिवस रविवारीच. अनिकेतसला पॉलिकार्पचे मन वळवता आले नाही, कारण त्याने ही प्रथा प्रभूचा शिष्य योहान आणि इतर प्रेषितांबरोबर स्वतः पाळली होती. पॉलिकार्पलाही अनिकेतसचे मन वळवता आले नाही, कारण त्याला आपल्या आधीच्या वडिलांची (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांची) रीत सोडायची नव्हती. कुणीच हटले नाही. तरी अनिकेतसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले.

हे आपल्याला कळते कसे? सुमारे १९० मध्ये रोमचा बिशप व्हिक्टर आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाला. इफिसच्या पॉलिक्रेतेसने त्याला पत्र लिहून आशियाच्या साक्षीदारांची यादी दिली, त्यात "स्मुर्ण्याचा पॉलिकार्प, बिशप आणि हुतात्मा" आहे. इरेनियस स्वतः रविवार पाळणारा. तरी त्याने व्हिक्टरला अनिकेतस-पॉलिकार्पची भेट आठवून दिली: सण वेगळ्या दिवशी पाळूनही ते एका मेजावर बसले होते, मग तुम्ही का तोडता? तारखेचा वाद पुढे ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेने रविवारच्या बाजूने मिटवला. प्रथा म्हणून पॉलिकार्पची बाजू हरली, उदाहरण म्हणून ती भेट राहिली.

---

फिलिप्पैकर

योहान आणि शहाऐंशी वर्षे, यांवर लिहितो. आणि त्याच्या स्वतःच्या पत्रावर, कारण अजून कुणीच ते काढले नाही. आपल्याकडे पॉलिकार्पच्या हातचे जे एकमेव लेखन आहे ते सोडून सगळे त्याच्या मृत्यूवरच बोलत राहतात.

शहाऐंशी आधी. "शहाऐंशी वर्षे मी त्याची सेवा करीत आहे आणि त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या तारणाऱ्या राजाची मी निंदा कशी करू?" वाक्य सेवेचे आहे, वयाचे नाही. जन्मापासून मोजले तर १५५ वजा ८६, जन्म ६९ च्या सुमारास. बाप्तिस्म्यापासून मोजले आणि बाप्तिस्मा मोठेपणी झाला असेल तर वय शंभराच्या पुढे जाते. इरेनियस त्याला फार म्हातारा म्हणतो, आकडा देत नाही. तेव्हा "जन्म सुमारे ६९, वाक्यातली वर्षे वयाची धरल्यास" असे लिहा. अट वगळून नुसते ६९ लिहाल तर साल आणि वय हे दोन्ही अंदाज एकमेकांवर टेकून उभे राहतील.

योहान. इरेनियस लहानपणी पॉलिकार्पला ऐकत असे. फ्लोरिनुसला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की अलीकडच्या गोष्टींपेक्षा त्या दिवसांचे मला जास्त आठवते: तो बसून बोलायचा ती जागा, त्याचे येणेजाणे, त्याची शरीरयष्टी, लोकांपुढची भाषणे, आणि योहानाबरोबरच्या व प्रभूला पाहिलेल्या इतरांबरोबरच्या सहवासाबद्दल तो काय सांगे ते. ही साक्ष एका पिढीच्या अंतरावरची आहे आणि भक्कम आहे. अडचण एवढीच की त्या काळी आशियात योहान नावाचे दोन जण सांगितले जातात: प्रेषित, आणि पापियस या जुन्या ख्रिस्ती लेखकाने उल्लेखलेला 'वडील' (मंडळीचा पुढारी) योहान. इरेनियस ज्याला 'प्रभूचा शिष्य' म्हणतो तो कोणता, यावर वाद आहे. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन पुढे जाऊन म्हणतो की योहानानेच त्याला नेमले. उलट पायोनियसच्या नावावर खपणाऱ्या उशिराच्या 'जीवनचरित्रा'त योहान येतच नाही. तिथे कल्लिस्तो नावाच्या बाईने त्याला लहानपणी विकत घेतल्याची कथा आहे. ती घेऊ नका. "इरेनियसच्या साक्षीप्रमाणे योहानाचा शिष्य" एवढे लिहिले की प्रामाणिक राहाल.

आता पत्र. मासेदोनियातल्या फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेले, १४ प्रकरणांचे, छोटेसे. ग्रीकमध्ये ते पूर्ण मिळत नाही. ज्या नऊ ग्रीक हस्तलिखितांत ते आहे, त्या सगळ्यांत नवव्या प्रकरणाच्या दुसऱ्या वचनात, वाक्य अर्धे असतानाच ते तुटते आणि त्याच ओळीत बर्णबाच्या पत्राच्या पाचव्या प्रकरणातले शब्द सुरू होतात. नकलकाराला काही कळलेच नाही. म्हणजे या नऊही प्रती एकाच पूर्वज प्रतीच्या, आणि त्या प्रतीतली मधली पाने गळाली होती. उरलेली प्रकरणे लॅटिन भाषांतरात मिळतात. १३वे बहुतेक सगळे युसेबियसने ग्रीकमध्ये उद्धृत करून वाचवले.

इथूनच आणखी एक कोडे निघते. नवव्या प्रकरणात इग्नेशियस (अंत्युखियाचा बिशप, मृत्युदंडासाठी रोमला नेला गेलेला) मरण पावलेला दिसतो, आणि १३व्यात पॉलिकार्प विचारतो की इग्नेशियस आणि त्याच्याबरोबरचे लोक यांची काही पक्की बातमी असेल तर कळवा. पी. एन. हॅरिसन यांनी १९३६ मध्ये मांडले की ही दोन पत्रे एकत्र शिवली गेली: १३वे (बहुधा १४व्यासह) इग्नेशियस नुकताच पुढे गेल्यावरचे, बाकीचे सुमारे वीस वर्षांनंतरचे. विरोधी उत्तर साधे आहे. लॅटिनमध्ये "त्याच्याबरोबर आहेत" असा वर्तमानकाळ दिसतो, पण हा तुकडा युसेबियसने वाचवलेला नाही, आणि मूळ ग्रीक रचनेत क्रियापदच नसावे. काळ भाषांतरकाराने घातला. मला एकच पत्र पटते. मृत्यू गृहीत धरलेला, तपशील अजून आलेला नाही, एवढेच.

मजकुरातले प्रकरण ११ टिपणात जरूर घ्या. फिलिप्पैचा वालेन्स नावाचा वडील पैशाच्या लोभात घसरला होता. पॉलिकार्प म्हणतो, त्याच्याबद्दल आणि त्याच्या बायकोबद्दल मला फार वाईट वाटते. प्रभू त्यांना खरा पश्चात्ताप देवो. तुम्हीही त्यांना शत्रू समजू नका, दुखावलेले आणि भरकटलेले अवयव म्हणून परत बोलवा. पत्राची सुरुवातही बघा: "पॉलिकार्प आणि त्याच्याबरोबरचे वडील." स्वतःला तो बिशप म्हणवत नाही, इग्नेशियस त्याला म्हणतो.

आणि वारसा म्हणाल तर १३व्या प्रकरणातले दुसरे वचन. फिलिप्पैकरांनी मागितली म्हणून इग्नेशियसची पत्रे, आपल्याकडे आलेली आणि आपल्याजवळ असलेली इतरही, पॉलिकार्प या पत्रासोबत पाठवतो. इग्नेशियसने स्मुर्ण्यात मुक्काम असताना इफिस, माग्नेशिया, त्राल्लेस आणि रोमला लिहिले होते. त्रोवसहून फिलदेल्फिया, स्मुर्णा आणि खुद्द पॉलिकार्पला. सातांतले एका व्यक्तीला लिहिलेले तेवढे एकच, "घाव सोसणाऱ्या ऐरणीसारखा स्थिर राहा" हे वाक्य असलेले. आज ती पत्रे आपल्याला वाचायला मिळतात, त्याचा पहिला पुरावा हे वचन आहे.

---

पोथीवाचक

फिलिप्पैकर, वालेन्सची आठवण काढलीत, बरे केलेत.

वाचनवर्ग, दोन किरकोळ गोष्टी. जुन्या रोमन दिनदर्शिकेत पॉलिकार्पचा दिवस २६ जानेवारी होता. १९६९ च्या सुधारणेत तो २३ फेब्रुवारीला आला. पूर्वेकडच्या मंडळ्या आधीपासून २३ च पाळतात. कुणी जुने प्रार्थनापुस्तक घेऊन आले तर तारीख चुकली असे समजू नका.

दुसरे, स्मरणदिनाचेच टिपण आहे तर 'हौतात्म्या'चे १८वे प्रकरण वाचून दाखवा. शताधिपतीने देह जाळून टाकल्यावर मंडळीने रत्नांहून मौल्यवान आणि सोन्याहून खरी अशी हाडे गोळा केली, योग्य जागी ठेवली, आणि त्याच्या हौतात्म्याचा 'जन्मदिवस' तिथे जमून पाळायचे ठरवले. एखाद्या हुतात्म्याचा वार्षिक स्मरणदिन पाळण्याचा इतका जुना स्पष्ट उल्लेख दुसरा सापडत नाही.

---

वाचनवर्ग

तर मग सालापुढे "सुमारे १५५" लिहून खाली अट देते. जन्मसाल अटीसह, योहान इरेनियसच्या नावावर. कबुतर गाळते. वाचनाला 'हौतात्म्या'चे १८वे प्रकरण आणि फिलिप्पैच्या पत्रातले ११वे, आणि सर्वांत वर 'हौतात्म्या'च्या २१व्या प्रकरणातली सम्राटाच्या जागेची ती ओळ.